बॅटरीपासून एक वीत

ते खोकं आधी खाली ठेव. आणि तू गं, मोबाइलचा टॉर्च बंद कर, उगाच चार्जिंग जाईल. बसा दोघं इथे पायरीवर.

काय म्हणालास तू आत्ता? 'पिवळी वायर सरळ बॅटरीला लावतो मामा, फ्यूज उद्या आणून टाकतो.' असंच म्हणालास ना? व्हिडिओ बघितलास, सात मिनिटांत गाडीचा स्टिरिओ बसतो. बसतो की, मी कुठे नाही म्हणतोय? अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले तुझ्यासारखे पुष्कळ पाहिलेत मी. माझं सीट कव्हरचं दुकान चोवीस वर्षं स्टिरिओवाल्याच्या भिंतीला भिंत लावून होतं. मला वायर जोडता येत नाही, पण जोडणाऱ्याचा हात ओळखता येतो.

किती वाजले? सव्वानऊ. तुमची आई झोपली ना? मग सांगतो. ती जागी असती तर म्हणाली असती, पोरांना काय भलतंसलतं ऐकवतोस. माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलेलं आहे. अर्धं त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं आणि उरलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. खोटं वाटलं तर खुशाल हसा.

पेट्रोल पंपामागच्या आमच्या ओळीत स्टिरिओचं दुकान होतं, दोघांच्या भागीदारीतलं. खरी नावं राहू देत. अख्खी ओळ त्यांना प्लस आणि मायनस म्हणायची, आणि मला कुशनवाला. प्लस तोंडावर चालणारा. गिऱ्हाइकाने नुसती काच खाली केली तरी हा त्याला दोन स्पीकर विकायचा. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात, याने काटेसुद्धा विकले असते. मायनस बरोबर उलटा. दिवसभरात दहा शब्द. सदा डॅशबोर्डखाली उताणा, पाय दाराबाहेर. आम्ही त्याला तोंडापेक्षा पायांवरून जास्त ओळखायचो.

पण हात कसला होता त्याचा! दोन वायरींची टोकं सोलायचा, एकमेकांत गुंफायचा, कथिलाचा डाग द्यायचा, वर टेप गुंडाळायचा. बाकीचे इथे थांबतात. हा थांबायचा नाही. उन्हाळ्यात टेपचा गोंद पाझरतो आणि टेप सुटते, म्हणून तो टेपवरून दोरा आवळायचा. माझा दोरा. सीट शिवायचा, मेण लावलेला, तपकिरी, सुती. माझ्या रिळावरून हातभर काढून न्यायचा. तीन वेढे, एक गाठ. आणि रिळावरचं टोक नेहमी ब्लेडने तिरपं कापायचा. मी कात्रीने सरळ कापतो, सगळेच कापतात. एकदा विचारलं त्याला, असं तिरपं का रे? तर म्हणाला, "तुला सुईत ओवायला बरं." एवढंच. त्यानंतर मी कधी विचारलं नाही, पण ओवताना दर वेळी आठवायचं.

आता फ्यूजचं ऐक, कारण गोष्ट सगळी त्याच्यावरच आहे. बॅटरीवरून स्टिरिओकडे जी पिवळी वायर जाते ती कायम जिवंत असते. गाडी बंद, किल्ली खिशात, तरी तिच्यात करंट. ती कुठे पत्र्याला घासली, आतलं तांबं उघडं पडलं, की तापते आणि पेटते. म्हणून मायनस बॅटरीपासून एक वीत अंतरावर फ्यूज टाकायचा. खरोखर वीत लावून मोजायचा, कपड्याच्या दुकानातल्यासारखी. गिऱ्हाइकं कुरकुरायची, अहो सेटच्या पाठीला कंपनीचा फ्यूज आहेच की! तिथे मायनसचे दिवसाचे दहाही शब्द खर्च व्हायचे. "सेटमागचा फ्यूज सेट वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज माणूस वाचवतो."

काम झालं की दोघांची तपासणी असायची. ती बघायला मी शिलाई सोडून उठायचो. प्लस पुढे चालकाच्या सीटवर, मायनस मागे वाकून, स्पीकरला कान लावून. प्लस आवाज एकेका कोपऱ्यात पाठवायचा आणि ओरडायचा, "मागचा डावा?" मागून उत्तर यायचं, "बोलतोय." "मागचा उजवा?" "बोलतोय." स्पीकर वाजतो असं तो कधी म्हणाला नाही, बोलतो म्हणायचा. मग मायनस आपला एकुलता एक प्रश्न विचारायचा. "फ्यूज?" फ्यूजची काचेची नळी बसवायचं शेवटचं काम प्लसचं असायचं ना, म्हणून. प्लस म्हणायचा, "टाकला." मग मायनस आतून छताला दोनदा टकटक करायचा आणि उतरायचा. झालं काम, गाडी न्या. चोवीसातली दहा वर्षं मी हे ऐकलं. गजर लावावा तसं होतं ते.

आणि एक. त्यांच्या दुकानात प्रत्येक गाडीची एक चिठ्ठी असायची. खाली लिहिलेलं, वायरिंग करणाऱ्याची सही. मायनस रोज सकाळी दहा-बारा कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवायचा. का, तर नंतर हात काळे होतात, कागद मळतो. मी म्हटलं होतं, अरे कोऱ्या कागदावर सही करतोस? तो म्हणाला, "प्लसच तर भरणार आहे."

एका गुरुवारी मायनस बायकोचा डोळा दाखवायला दवाखान्यात गेला होता. सकाळी येऊन सह्या तेवढ्या करून गेला. अकराच्या सुमाराला एक औषधविक्या आला, दोन बॅगा, घाईत. म्हणाला, आत्ताच्या आत्ता बसवा, मला पाच गावं फिरायचीत. प्लस म्हणाला, हे काय, लगेच. आणि स्वतः खाली शिरला. मी माझ्या मशीनवर होतो, शटर उघडं, समोर सगळं दिसत होतं. त्याने पिवळी वायर ओढली. ड्रॉवर उघडला, फ्यूजचा होल्डर शोधला. संपले होते. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "उद्या टाकू. येणारच आहे तो परत."

तो परत आला नाही. एकोणिसाव्या दिवशी रात्री थकून रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपला होता. वायर पेटली तेव्हा झोपेतच होता. नाही वाचला.

चौकशी आली. चिठ्ठी निघाली. चिठ्ठीवर सही कोणाची? मायनसची. साहेबांनी प्लसला विचारलं, वायरिंग कोणी केलं? प्लस चिठ्ठीकडे बघत म्हणाला, "सही आहे ना खाली."

खोटं नव्हतं ते. तेच तर. त्या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता आणि त्या वाक्याने माणूस आत गेला. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं. सुरीसुद्धा लागली नाही.

मायनसने दवाखान्याचं नावसुद्धा काढलं नाही. प्लसकडे नुसता बघत राहिला. त्याला वाटत असणार, प्लस आता बोलेल. जाताना प्लसला एवढंच म्हणाला, "सांगशील ना?" प्लस म्हणाला, "सांगतो. उद्या जाऊन सांगतो सगळं." मग मायनसने मला विचारलं, "तू होतास ना दुकानात?" मी म्हटलं, होतो.

मला पण विचारलं की साहेबांनी. वायर कोणी ओढली, तुम्ही शेजारीच असता. त्याआधी प्लस मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "तू मध्ये पडू नकोस, मी माझ्या तोंडाने सांगणार आहे, दोन दिवस दे." मी साहेबांना म्हटलं, मी शिवत होतो. मान खाली होती.

असं बघू नकोस गं माझ्याकडे. सांगतोय ना.

दीड वर्ष आत राहून मायनस बाहेर आला. ओळीत त्याला कोणी उभं करेना. आगवाला म्हणायचे त्याला. एकदा संध्याकाळी माझ्या दुकानात आला. मी मशीनवरून वर बघितलंच नाही. तो म्हणाला, "हे रीळ नेऊ का?" मी म्हटलं, ने. दुकानातून त्याने नेलं ते तेवढंच. पुढे कुठल्याशा गोदामात रखवालदारी केली, छातीत दुखायला लागलं आणि गेला. प्लसचं तोवर दोन मजली शोरूम झालं होतं. पोचवायला तो आला नाही. मी गेलो, मागे उभा राहिलो.

आता त्या रात्रीकडे येतो. जरा जवळ सरका, मोठ्याने बोलायची गोष्ट नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षीची नोव्हेंबरची अकरा तारीख. मंगळवार. अमावस्या नव्हती, वारा नव्हता, कुत्रं रडत नव्हतं. साधी रात्र. प्लसच्या मुलीला दूरच्या शहरात पहिली नोकरी लागली होती. जुनी गाडी घेतली होती तिच्यासाठी, पहाटे साडेपाचला निघायचं होतं, एकटीने, सहा तासांचा रस्ता. जेवताना ती म्हणाली, "बाबा, अख्ख्या गावाला स्टिरिओ विकता आणि माझ्या गाडीत नुसतं भोक!" पोरगी एकुलती एक. प्लस म्हणाला, "झोप तू. सकाळी गाणी लावूनच जा." आणि सेट घेऊन खाली गेला.

घराखालीच पार्किंग. एक ट्यूबलाइट. शोरूमच्या पोरांना बोलावता आलं असतं, पण मुलीचं काम, म्हटलं आपल्या हाताने करावं. हातात कित्येक वर्षांत पक्कड धरली नव्हती. जुन्या दुकानाची हत्यारांची पेटी माळ्यावर होती, ती काढली. नऊ चाळीसला काम सुरू केलं.

गाडीच्या आधीच्या मालकाने मूळच्या वायरी आखूड कापून टाकलेल्या. म्हणजे पिवळी वायर बॅटरीपासून नवीनच ओढायला हवी. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला एक भोक असतं, त्यातून वायर आत घ्यायची. भोकाला रबराची चकती हवी, नाहीतर पत्र्याची धार वायर सोलते. चकती सापडली नाही. त्याने वायर तशीच खेचली. अडकली, तर जोर लावून खेचली. मग फ्यूजचा होल्डर शोधला. पेटी उलटी केली, खिळे, स्क्रू, जुना टेस्ट लॅम्प. होल्डर नाही.

काय म्हणाला असेल?

हो. तेच म्हणाला. तिकडे पोचली की कोणाकडून तरी उद्या टाकून घेईल.

पावणेबाराला सगळं जोडून झालं. बॉनेट नुसतं टेकवून ठेवलं. चालकाच्या सीटवर बसला. दार ओढलं. किल्ली फिरवली. सेट लागला. निळा उजेड. कुठलंतरी गाणं लावलं, बारीक आवाजात, वर सगळे झोपले होते.

आवाज पुढे डावीकडे नेला. ठीक. पुढे उजवीकडे. ठीक. मागे डावीकडे नेला… आणि कळेना. वाजतोय की नाही? पुढे बसून मागचं कळत नाही. माणसाची सवय बघा. ती तपासणी बंद होऊन बारा वर्षं झाली होती. तोंडातून आपसूक निघून गेलं.

"मागचा डावा?"

"बोलतोय."

…

गाणं चालूच होतं. प्लसला वाटलं, गाण्यातलाच शब्द असेल. माणूस स्वतःची अशीच समजूत घालतो. आरसा समोरच होता. वर बघायचा धीर होईना. त्याने डोळे सेटवर ठेवले. पडद्यावर एक ठिपका असतो, आवाज कुठे आहे ते दाखवणारा. तो मागे डावीकडे होता. प्लसचे हात मांडीवर. दोन्ही.

ठिपका हलला.

सरकत गेला. हळू. मागे उजवीकडे जाऊन थांबला.

"बोलतोय."

या वेळी कोणी विचारलं नव्हतं.

मानेवर गार काहीतरी आल्यासारखं झालं, म्हणाला तो. श्वास नव्हता. श्वास असता तर ऊन लागला असता. मागचं सीट करकरलं. माझ्याच हाताचं कव्हर होतं का त्याच्यावर, मला माहीत नाही. रेक्झिन करकरतं, माणूस पुढे वाकला की. गाणं थांबलं होतं. कधी थांबलं कळलं नाही. नुसती स्पीकरची सूं… बारीक…

मग.

"फ्यूज?"

पोरांनो, मला या जागी नेहमी थांबावं लागतं. इथे माणूस रडला असता. पाय धरले असते. मेलेला माणूस इतक्या वर्षांनी येतो, एकच शब्द विचारतो, शिवी नाही, शाप नाही. समोरच्याला एकदा खरं बोलायची वाट करून देतो. आणि वर आपली पोटची पोर झोपलेली आहे, जी पहाटे याच सीटवर बसणार आहे. आणि प्लस काय म्हणाला?

"टाकला."

छतावर दोनदा टकटक व्हायची असते. तो वाट बघत राहिला. नाही झाली. मग गाडी मागून जराशी वर आली. माणूस उतरला की येते ना, तशी. दाराचा आवाज नाही. पावलांचा नाही. नुसती गाडी हलकी झाली.

तो पळाला. किल्ली तशीच, सेट तसाच. जिन्यावर दोन-दोन पायऱ्या. पहिल्या वळणावर असताना खाली आवाज आला. धप्. बॉनेट लागल्याचा. म्हणजे आधी कोणीतरी ते उघडलं होतं.

दार लावून आतल्या बाजूला खाली बसला. पाचावर धारण बसलेली. त्याच्या डोक्यात एकच. मायनसने गाडीला काय केलं? ब्रेक कापला? वायर पेटवायला ठेवली? सूड घ्यायचा तर माझा घे, पोरीचा नको. हे सगळं मनात म्हणाला. मुलीला उठवून सांगितलं का, की जाऊ नकोस, फ्यूज नाही? नाही सांगितलं. सांगायचं तर आधीचं सगळंच सांगावं लागलं असतं. तसाच बसून राहिला, चार वाजेपर्यंत जागा. मग डोळा लागला.

जाग आली ती इंजिनाच्या आवाजाने. पाच वाजून बारा मिनिटं. मुलगी त्याला न उठवता मागच्या दाराने खाली गेली होती. हा अनवाणी धावला.

ती गाडीत बसलेली. धड. म्हणाली, "बाबा, तुमचं वायरिंग! एक मिनिट वाजला आणि मेला."

त्याने बॉनेट उघडलं.

पाच वीसला माझा फोन वाजला. आमचं बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. पलीकडून प्लस म्हणाला, "तू ये. तुझा दोरा आहे इथे."

मी गेलो. जिन्याच्या पायरीवर बसून त्याने मला रात्रीचं सगळं सांगितलं. मग मी बॉनेटखाली वाकलो. पिवळ्या वायरवर, बॅटरीपासून एक वीत, काचेच्या नळीचा फ्यूज होता. जुन्या पद्धतीचा, आता मिळत नाहीत तसले. दोन्ही सांध्यांवर टेप. टेपवर तपकिरी दोरा. तीन वेढे, एक गाठ. मी आत हात घालून वायर चाचपली. पत्र्याच्या भोकात ती तांब्यापर्यंत सोलली होती. इंजिन सुरू झाल्यावर थरथरून टेकली असणार. वायर पेटायची, त्याऐवजी फ्यूज उडाला होता.

हा बघ. हाच. गेली दोन वर्षं माझ्या खिशात असतो. आता लाव टॉर्च. काच आतून काळी झालीय, दिसतं? तार तुटलीय. दोऱ्याला हात लाव. लाव, काही होत नाही. हा दोरा बाजारात मिळायचा बंद होऊन दहा वर्षं झाली. मी स्वतः नायलॉन वापरतो.

तर आम्ही दोघं बॉनेटशी उभे. मुलगी आमच्यामध्ये आली, वाकून बघितलं. हुशार आहे. म्हणाली, "बाबा, हा नसता तर अर्ध्या रस्त्यात पेटली असती ना गाडी? कोणी बसवला हा?"

प्लसने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. मला वाटलं, आता तरी. आता तर बोलशील. तुझी पोर उभी आहे, जिवंत, त्याने राखलेली.

तो म्हणाला, "मीच. रात्री आठवणीने टाकला."

तिने त्याच्या गळ्यात हात टाकले.

आणि मी… मी मान खाली घातली. परत. ती पोरगी हसत होती, तिला उशीर होत होता, म्हटलं आत्ता नको. नंतर. तिने सामान दुसऱ्या गाडीत टाकलं आणि गेली. प्लसने तो फ्यूज कापून काढला, हातात विंचू धरावा तसा माझ्या हातावर टाकला आणि वर निघून गेला. थांब म्हणाला नाही, चहा घे म्हणाला नाही.

मी दुकान उघडलं नाही त्या दिवशी. सरळ मायनसच्या घरी गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या. वहिनी शाळेच्या उपाहारगृहात कामाला जातात, निघायच्या तयारीत होत्या. मी टेबलावर फ्यूज ठेवला आणि सांगितलं. गुरुवारचं, ड्रॉवरचं, औषधविक्याचं. वायर प्लसने ओढली आणि मी पाहिली. उभ्याउभ्या सांगितलं, बसायची हिंमत नव्हती. वाटलं, वहिनी रडतील, प्लसला शिव्या देतील, मलाही दोन देतील.

वहिनींनी फ्यूज उचलला. गाठीवरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, "हात त्यांचाच."

मग म्हणाल्या, "प्लसभावजी बोलणार नाहीत, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग गप्प का राहिला तो?" मी विचारलं. "वाट कशाची बघत होता?"

"तुमची," वहिनी म्हणाल्या. "मी आत भेटायला गेले की म्हणायचे, प्लस नाही बोलणार गं, त्याला ओळखतो मी. पण कुशनवाला बोलेल. तो होता तिथे, त्याने पाहिलंय." त्यांनी फ्यूज परत टेबलावर ठेवला. "दर वेळी विचारायचे. बोलला का कुशनवाला?"

मला इतकी वर्षं वाटत होतं, दगा प्लसने दिला. मी आपला शेजारी. बघ्याचं काय चुकतं? त्या खोलीत मला कळलं, की त्या माणसाने भरवसा टाकला होता तो माझ्यावर. प्लसने त्याला एकदाच फसवलं. मी दीड वर्ष, दर भेटीला फसवलं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "ते रीळ… आहे का अजून?"

वहिनी म्हणाल्या, असेल. कपाटाच्या वरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढला. त्याचा चष्मा, ब्लेड आणि रीळ, एवढंच होतं म्हणे त्यात. तो गेल्यावर त्यांनी झाकण लावलं, ते आजवर उघडलं नव्हतं. झाकण गंजून बसलेलं. चमच्याचा दांडा घालून घालून उघडलं.

रीळ वरच होतं. दोरा जुना, धुळीने काळपट पडलेला. सगळा.

टोक मात्र…

टोक मोकळं काढून ठेवलेलं होतं. कापल्या जागी रंग ताजा, तपकिरी. मेणाचा वास येत होता.

तिरपं कापलेलं होतं.